मदत हवी आहे: गावात दहाचं नाणं कुणी घेत नाही, वडिलांच्या गिरणीत 460 साठलीत

गिरणीचा_मुलगा:

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

आमची तालुक्याच्या गावात पिठाची गिरणी आहे, वडील चालवतात (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो). मी पुण्यात नोकरीला. पुण्यात दहाचं नाणं कुठंही चालतं, रिक्षावाला घेतो, वडापाववाला घेतो, कुणी मागंपुढं बघत नाही. आमच्या गावात मात्र चार-पाच वर्षं झाली, ते चालत नाही म्हणजे नाहीच. किराणावाला म्हणतो "नको, नोट द्या". भाजीवाली हात मागं घेते. पेट्रोल पंपावरचा पोरगा तर नाण्याकडं बघतसुद्धा नाही.

आणि अण्णा कुणाला नाही म्हणत नाहीत. दिवाळीला, जत्रेला पुण्या-मुंबईची पोरं येतात, जाताना म्हाताऱ्यांच्या हातावर सुटे ठेवून जातात. त्या बायका दळणाचे पैसे द्यायला पदराची गाठ सोडतात आणि त्यातून दहाची सहा नाणी निघतात. अण्णा म्हणतात, सरकारनं पाडलेलं नाणं आहे, तिच्याकडं दुसरं काही नाही, मी नको म्हटलं तर ती दळण परत नेणार का? त्यामुळं गावातली सगळी दहाची नाणी फिरून फिरून आमच्याच गल्ल्यात येतात आणि तिथून पुढं हलत नाहीत. अण्णांनी सुटे म्हणून परत दिली तर गिऱ्हाईक घेत नाही.

मागच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा आम्ही दोघांनी ती तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून काढून मोजली. दहा-दहाच्या चवडी लावल्या. पिवळं कडं आणि मधला पांढरा गोल जिथं जुळतो त्या फटीत पीठ बसलेलं, अण्णा एकेक धोतराला पुसून ठेवत होते. भरली 460, म्हणजे 4,600 रुपये. सहज गिरणीच्याच काट्यावर टाकली तर साडेतीन किलो.

बँकेत (नाव लिहीत नाही) अण्णा दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा सांगितलं मोजायला माणूस नाही, मंगळवारी या. मंगळवारी गेले तर म्हणाले हजार रुपयांच्या वर नाणी घ्यायची नाहीत असा कायदाच आहे, आणि त्या दिवशी हजाराचीही घेतली नाहीत, कारण गर्दी होती. अण्णांचे गुडघे दुखतात, साडेतीन किलोची पिशवी घेऊन ते तिसऱ्यांदा जाणार नाहीत, आणि मलाही ते जायला नको आहेत.

तर प्रश्न असे:

हजाराचा कायदा खरंच आहे का? दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं असं गावात सगळे म्हणतात, आणि काहींवर रुपयाचं चिन्हच नाही, त्यात तथ्य आहे का? वीसचं नवीन नाणं आलंय ते तर भाजीवालीनं "हे पदक आहे" म्हणून परत दिलं, ते कसं पटवायचं? शिवाय अण्णांकडं एकच्या कोऱ्या नोटांचा अर्धा बंडल आहे, तो चालेल का?

सगळ्यात मोठा प्रश्न हा की अण्णांना नाणी घेणं बंद करा असं सांगायचं नाही. ते मला जमणार नाही आणि ते ऐकणारही नाहीत. मग ती पुढं जायची कशी? तुमच्या गावात कुणी हा तिढा सोडवला असेल तर प्लीज सांगा.

टांकसाळ:

मी पंधरा वर्षं नाणी जमवतोय, त्यामुळं रेघांचं मी सांगतो. दोन्ही खरी. रुपयाचं ₹ हे चिन्हच सरकारनं जुलै 2010 मध्ये स्वीकारलं आणि नाण्यांवर ते 2011 पासून आलं. मग 2010 च्या नाण्यावर ते असणार कुठून? पंधरा रेघांचं आधीचं डिझाइन, चिन्हासोबत दहा रेघा आल्या ते नंतरचं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की तोवर दहाच्या नाण्याची 14 डिझाइन्स निघाली आहेत आणि चौदाही चालतात. त्यात होमी भाभांचं आहे, बाबासाहेबांच्या 125 व्या जयंतीचं आहे, तात्या टोपेंचं आहे. लोकांना वेगळं चित्र दिसलं की शंका येते, तेवढंच. त्या वेळी 14440 वर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येऊन दहाच्या नाण्याची माहिती ऐकवायचे.

अण्णांना एक गंमत दाखव. सालाच्या खाली बघायचं. बारीक चौकट असेल तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं.

वीसचं नाणं 2020 मध्ये आलं. बारा कोनांचं आहे, दहाच्या बरोबर उलट रंग, आत पिवळं बाहेर पांढरं, आणि त्यावर धान्याची कणसं आहेत. गिरणीवाल्याच्या हातात तर ते शोभून दिसतं.

एकच्या नोटा बिनधास्त वापरा. त्या भारत सरकार काढतं, म्हणून त्यावर गव्हर्नरची नाही तर वित्त सचिवांची सही असते, आणि 2011 च्या नाणे कायद्यात एकची नोट नाण्यातच धरलेली आहे.

जुना_मोबाईल:

त्या 460 मध्ये एखादं दुर्मिळ असेल तर लाखात जाईल, ऑनलाइन टाकून बघा ना, माझ्या मेव्हण्याला अशी जाहिरात आली होती

टांकसाळ:

कृपया असं सुचवू नका. चलनात फिरून घासलेल्या दहाच्या नाण्याला कुणी लाख देत नाही. त्या जाहिराती आधी "चार्ज" आणि "टॅक्स" म्हणून पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे चालतं म्हणून बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. मेव्हण्यांना पण सांगा.

कॅशियर_रिटायर्ड:

मी 31 वर्षं काउंटरवर बसलो, म्हणून हजाराचं मी सांगतो. नाणे कायद्याचं कलम 6 असं म्हणतं की एक रुपया किंवा त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला कायदेशीर चलन आहेत. म्हणजे मी तुमचं पाच हजारांचं देणं लागत असेन आणि सगळी नाणीच आणून ओतली तर तुम्ही ती घ्यायला बांधील नाही. ते देण्याघेण्याचं झालं. स्वतःच्या खात्यात भरण्याला ते लागू नाही, खात्यात नाणी भरायला रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातलेली नाही. उलट कुठल्याही शाखेनं छोट्या नोटा आणि नाणी नाकारू नयेत असा तिचा आदेश आहे, आणि तो वेळोवेळी नव्यानं निघतो. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही, पण एकटा माणूस, समोर चाळीस जणांची रांग, आणि 460 नाणी मोजायची. त्याचीही बाजू मी पाहिली आहे.

म्हणून असं करा. शंभर-शंभर नाण्यांच्या पारदर्शक पिशव्या बांधा. सुटी नाणी ओतली की माणूस वैतागतो, पिशव्या बघितल्या की घेतो. वर चिठ्ठीवर खातं नंबर, नाव आणि रक्कम लिहा. महिन्याच्या मधल्या दिवसांत, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, पगार-पेन्शनचे दिवस टाळा. वडिलांना पाठवू नका, खात्यात पैसे भरायला खातेदारच लागतो असं नाही, तुम्ही स्लिप भरा. तरी नाही म्हणाले तर भांडू नका, शांतपणे "तेवढं लिहून द्या" म्हणा. बहुतेक तिथंच घेतात. नाही घेतली तर बँकेकडं लेखी तक्रार, आणि 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, ते ऑनलाइन होतं, फुकट आहे.

आणि जिल्ह्याच्या ठिकाणी करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या वतीनं नोटा-नाणी साठवायची तिजोरी) असलेली शाखा असते, अधूनमधून नाणे मेळावाही भरतो, चौकशी करून ठेवा.

टपरी_ते_हॉटेल:

दादा बँकेनं आजची पिशवी रिकामी होईल पण पुढच्या जत्रेला परत भरेल. आमच्याकडं पण हेच होतं, माझं चहा-नाष्ट्याचं हॉटेल आहे. मी एकेकाला विचारत गेलो की बाबा तुला हे खोटं वाटतं का, तर एकही जण हो म्हणाला नाही! दूधवाला म्हणाला किराणावाला घेत नाही, किराणावाला म्हणाला होलसेलवाला घेत नाही, होलसेलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला मला कुणी देतच नाही. म्हणजे जो तो पुढच्यापायी अडून बसलेला.

मग मी, दूधवाला, पानटपरी आणि एक किराणावाला असे चौघं एका संध्याकाळी बसलो आणि ठरवलं की उद्यापासून आपण चौघं एकमेकांकडून घ्यायची. बाकी गाव घेवो न घेवो. मी दूधवाल्याला रोज पाच नाणी द्यायचो, तो किराण्यात द्यायचा, किराणावाला सकाळी माझ्याकडं चहाला यायचा. फिरायला लागलं. गिऱ्हाईकानं बघितलं की इथून सुटे मिळाले तर तिथं चालतात, मग तेही घ्यायला लागले. दोन महिने लागले असतील. एकदम वीस नाणी कुणाच्या हातावर ठेवू नका, एक नाहीतर दोन, बाकी नोट. आणि नव्वदचं बिल असेल तर शंभर घेऊन दहाची नोटच परत द्यायची सवय मोडा, तिथंच नाणं जातं.

गिरणीचा_मुलगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी होतो, सोमवारची सुट्टी टाकली, काय झालं ते सांगतो.

चार पिशव्या बांधल्या शंभराच्या, सोमवारी तीन वाजता मीच घेऊन गेलो. कॅशियर ताईंनी आधी नाहीच म्हटलं, मी हजाराचं कलम देण्याघेण्याला आहे, भरण्याला नाही एवढंच बोललो, आवाज न चढवता. त्या आत विचारून आल्या, एक पिशवी मोजली, बाकीच्या तीन वजन करून घेतल्या. चार हजार खात्यावर. कॅशियरकाका, पिशव्यांचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी डबाच घेऊन गेलो असतो.

साठ नाणी मुद्दाम ठेवली. हॉटेलवाले दादा, तुमचं अण्णांना वाचून दाखवलं तर ते लगेच उठून चप्पल घालून समोरच्या दूध डेअरीत गेले. डेअरीवाला तयार झाला. चहावाला पण. किराणावाला अजून नाही म्हणतोय, तो म्हणतो मला कागद दाखवा. रविवारी संध्याकाळी अण्णांनी डेअरीत अर्ध्या लिटरला दोन नाणी आणि बाकीचे सुटे दिले आणि घरी येऊन माईला दोनदा सांगितलं की घेतली त्यानं.

टांकसाळ दादा, आमच्याकडं चौकटवालीच जास्त निघाली. भाभांचं एक सापडलं, ते अण्णांनी बाजूला काढून देवघरात ठेवलंय, ते खर्चायचं नाही म्हणतात.

आता एवढीच मदत हवी आहे: रिझर्व्ह बँकेचं ते दहाच्या नाण्याचं पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात कुणाकडं असेल तर इथं टाका. दोन प्रती काढायच्या आहेत, एक गिरणीत दळणाच्या दरपत्रकाशेजारी लावायला आणि एक किराणावाल्याला द्यायला. आणि वीसच्या नाण्याचंही त्यात असेल तर फारच बरं.