मदत हवी आहे : लोलकासाठी मराठी तक्ते कसे आखावेत आणि कोणता तक्ता कधी वापरावा?

सर्वांना नमस्कार. लोलकाच्या डाउझिंगसाठी, म्हणजे दोऱ्याला टांगलेले वजन कप्पे आखलेल्या तक्त्यावर धरून ते कोणत्या कप्प्याकडे झुलते त्यावरून उत्तर घेण्यासाठी, लागणारे तक्ते मराठीत नव्याने आखण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि त्यासाठी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. दादरला आम्ही काही ज्येष्ठ नागरिक आठवड्यातून एकदा एकत्र बसून लोलकाचा सराव करतो. हाताशी असलेले बहुतेक छापील तक्ते इंग्रजीत आहेत, त्यांतले कप्पे फार बारीक आहेत आणि चष्मा लावूनही काहींना ते वाचता येत नाहीत. इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द लिहिले की काम भागेल, असे आमच्यापैकी अनेकांना वाटत होते. प्रत्यक्ष कोनमापक घेऊन आखायला बसल्यावर मात्र आखणीचेच इतके प्रश्न निघाले की आधी ते सोडवावेत, अशा मताला मी आले आहे.

उत्तरे देणाऱ्यांना माझी भूमिका ठाऊक असावी म्हणून ती आधी सांगते. लोलक हलतो तो धरणाऱ्याच्या हातामुळे हलतो, हे मला मान्य आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंपेर यांना लिहिलेल्या पत्रात आपले लोलकाचे प्रयोग सविस्तर मांडले होते. दंडाला आधार दिला की झोका कमी होतो, आधार बोटांच्या जितका जवळ आणावा तितका तो आणखी मंदावतो आणि डोळे बांधल्यावर थांबतो, असे त्यांना आढळले. पुढे १८५२ मध्ये इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी अशा नकळत होणाऱ्या हालचालींना ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले. एवढे मान्य करूनही मला लोलक उपयोगी वाटतो, कारण मनात आधीपासून असलेला कल त्यातून डोळ्यांसमोर येतो आणि माणूस थांबून स्वतःच्या प्रश्नाकडे नीट पाहतो. परंतु हातच लोलकाला हलवत असेल, तर तक्त्याने त्या हाताला एका बाजूला ओढता कामा नये. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

पहिला प्रश्न पूर्ण वर्तुळ घ्यावे की अर्धवर्तुळ, हा आहे. लोलक मागेपुढे झुलतो तेव्हा त्याची रेषा मध्यबिंदूतून आरपार जाते. त्यामुळे पूर्ण वर्तुळाच्या तक्त्यावर समोरासमोरचे दोन कप्पे एकाच वेळी दाखवले जातात आणि त्यांतला कोणता धरायचा हे अखेर आपणच ठरवतो. म्हणून मी अर्धवर्तुळ पसंत करते. तिथेही एक अडचण उरते, ती मला छापील तक्त्यांत वारंवार दिसते. अर्धवर्तुळाची डावी आणि उजवी टोके एकाच आडव्या रेषेवर असतात. टक्केवारीच्या तक्त्यात डावीकडे शून्य आणि उजवीकडे शंभर लिहिलेले असेल, तर आडवा झोका ‘अजिबात नाही’ आणि ‘पूर्णपणे’ ही दोन्ही उत्तरे एकदमच देतो! यावर उपाय म्हणून मी दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा अंश कोरे सोडते आणि मधल्या १५० अंशांतच कप्पे आखते. ही पद्धत कोणी वापरली आहे का, आणि कोऱ्या भागात झोका गेला तर तुम्ही त्याचा अर्थ ‘प्रश्न पुन्हा मांडा’ असा घेता की काही वेगळा?

दुसरा प्रश्न कप्प्यांच्या संख्येचा आहे आणि मला सर्वांत जास्त अडवणारा तोच आहे. कागद मोठा घेतला की कप्पे मोठे होतील, म्हणून ए-४ सोडून ए-३ वर आखावे, असा सल्ला मला मिळाला. पण साधारण पंधरा सेंटिमीटर दोऱ्याला टांगलेला लोलक मध्यापासून चार-एक सेंटिमीटर झुलतो. कागद कितीही मोठा केला तरी वाचायचे असते ते त्या चार सेंटिमीटरांवरच. तिथे पंधरा अंशांचा कप्पा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद भरतो, म्हणजे जवळजवळ लोलकाच्या जाडीइतका. त्याहून अरुंद कप्प्यांत झोका नेमका कुठे पडला हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही, असे माझे मत आहे. १५० अंशांत या हिशेबाने दहा कप्पे बसतात, फार ताणले तर बारा.

आता पुष्पौषधींचा तक्ता घ्या. इंग्रज डॉक्टर एडवर्ड बाख यांची पुष्पौषधे, म्हणजे मनोवस्थेनुसार द्यायची, मुख्यतः फुलांपासून केलेली औषधे, ३८ आहेत आणि ती एका अर्धवर्तुळात बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेपाच अंशही येत नाहीत. तरीही असे तक्ते सर्रास वापरले जातात. बाख यांनी स्वतः या औषधांची मनोवस्थांनुसार सात गटांत विभागणी केली होती : भीती, अनिश्चितता, वर्तमानात रस नसणे, एकाकीपणा, इतरांच्या प्रभावाला व विचारांना अतिसंवेदनशील असणे, निराशा आणि इतरांची अतिकाळजी. एका गटात जास्तीत जास्त आठ औषधे येतात आणि एकाकीपणाच्या गटात तर तीनच. तेव्हा आधी सात गटांचा एक तक्ता आणि नंतर निवडलेल्या गटाचा स्वतंत्र तक्ता, अशी दोन पायऱ्यांची मांडणी मी करत आहे आणि प्रत्येक तक्त्यात ‘यांपैकी काही नाही’ असा एक कप्पा ठेवत आहे. हा कप्पा नसलेला तक्ता माझ्या दृष्टीने वापरण्याजोगाच नाही, कारण तो माणसाला कोणते तरी उत्तर घ्यायलाच लावतो. तुमच्याकडे हा कप्पा कुठे असतो? तो कायम एका टोकाला ठेवला की हात तिकडे क्वचितच वळतो, असे मला दिसते आहे.

मुळाक्षरांच्या तक्त्याबाबत तर मला खरोखरच मदत हवी आहे. बारा स्वर आणि क ते ज्ञ ही छत्तीस व्यंजने धरली तर अठ्ठेचाळीस कप्पे होतात, आणि ते एका तक्त्यात शक्य नाहीत हे वरच्या हिशेबावरून उघड आहे. मी आठ कप्प्यांचा पहिला तक्ता केला आहे : स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, ‘य र ल व’ आणि ‘श ष स ह ळ क्ष ज्ञ’. दुसऱ्या तक्त्यावर त्या गटातले अक्षर आणि तिसऱ्यावर बाराखडी. म्हणजे व्यंजनाच्या एका अक्षरासाठी तीन झोके वाचावे लागतात आणि चार अक्षरांच्या नावासाठी बारा. तेवढ्यात हात थकतो आणि मूळ प्रश्नावरचे लक्ष उडते. त्याहून मोठी अडचण अशी की ‘मुं’ आले की पुढे ‘बई’ येणार हे मनाने आधीच ठरवलेले असते, आणि मग झोका मनाच्या मागे जातो. जोडाक्षरांसाठी वेगळा कप्पा ठेवावा की ती सुटी करून घ्यावीत, हेही मला ठरवता आलेले नाही. ज्यांनी देवनागरी तक्ता दीर्घकाळ वापरला आहे, त्यांनी याविषयी जरूर लिहावे. संभाव्य उत्तरांची यादी आधीच कागदावर लिहून तिला क्रमांक द्यावेत आणि लोलकाने केवळ क्रमांक शोधावा, हा पर्याय मला अधिक बरा वाटू लागला आहे.

तक्ता हाताला ओढतो की नाही हे तपासण्याची एक पद्धत आम्ही सुरू केली आहे. एकाच तक्त्याच्या काही प्रती काढायच्या, मजकूर तोच ठेवायचा, परंतु कप्प्यांचा क्रम प्रत्येक प्रतीत बदलायचा. प्रती जाड पाकिटांत घालून दुसऱ्या कोणी तरी त्या पिसायच्या, आणि लोलक धरणाऱ्याला पाकिटावर फक्त क्रमांकांचे कोरे कप्पे दिसतील असे पाहायचे. पाकिटे बदलल्यावरही तेच उत्तर येते, की उत्तर बदलून दिशा मात्र तीच राहते, याची नोंद ठेवायची. आमच्या नोंदींत दिशा टिकून राहण्याकडे कल स्पष्ट दिसतो. बहुतेकांचा झोका कोपरापासून बोटांकडे जाणाऱ्या रेषेतच अधिक पडतो. म्हणून उघड्या तक्त्यावर काम करताना तो दर वेळी फिरवून ठेवावा का, की बसण्याची जागा बदलावी? आणि कोपर टेबलावर टेकवून लोलक धरण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याने दिशेचा हा कल कमी होतो असा तुमचा अनुभव आहे का?

जागेची ‘ऊर्जा’ आकड्यात सांगण्यासाठी वास्तूच्या कामात वापरल्या जाणाऱ्या बोविस मोजपट्टीबद्दल फार लिहीत नाही. मुंबईत घर घेताना ती पट्टी आणि चांगल्या जागेची किमान पातळी म्हणून सांगितला जाणारा तिच्यावरचा ६५०० हा आकडा अनेकांच्या तोंडून ऐकू येतो, पण ते एकक कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. त्यामुळे ज्या निर्णयात लाखो रुपये गुंतलेले असतात, तिथे हा तक्ता आमच्या गटात वापरायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. औषधांचे प्रमाण आणि रोगनिदान यांचे तक्तेही मी मुद्दाम करणार नाही. आमच्यातील काहींना मधुमेह आहे, काहींना रक्तदाब आहे, आणि गोळी घ्यावी की नाही हे लोलकाला विचारण्याची सोय माझ्या हातून कोणाला मिळू नये, असे मला मनापासून वाटते.

काही व्यावहारिक बाबीही विचारते. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणे आमच्या वयाच्या माणसांना जमत नाही आणि स्फटिकाचा हलका लोलक त्या वाऱ्याने भरकटतो. पितळी जड लोलक घेतल्यास फरक पडतो का? पावसाळ्यात दमट हवेने कागद वाकतो म्हणून लॅमिनेशन करावे, तर वर दिव्याची चमक येते आणि अक्षरे दिसत नाहीत. पुठ्ठ्यावर चिकटवलेला जाड, चमक नसलेला कागद कोणी वापरला असल्यास कृपया सांगावे.

उत्तर देताना आपल्या दोऱ्याची लांबी, तक्त्यातील कप्प्यांची संख्या आणि कोपराला आधार असतो की नाही, एवढे लिहिलेत तर तुलना करणे सोपे जाईल. कोणाकडे स्वतः आखलेला मराठी तक्ता असल्यास त्याचे छायाचित्र द्यावे. मुळाक्षरांचा असेल तर सर्वांत आधी तो.