जुनी मर्सिडीज, पुढच्या ब्रेकच्या पिना आणि स्प्रिंग: कॅलिपर कुठल्या मेकचा ते कसं ओळखायचं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९८३ची मर्सिडीज २४०डी आहे, डब्ल्यू१२३ म्हणतात ती. बाबांनी गोव्यातनं घेतलेली, अजून बेळगावला चक्कर होतीयच तिची. पावसाळ्यापासनं पुढच्या उजव्या चाकातनं खड्ड्यात खडखड आवाज येऊलालाय, ब्रेक दाबला की बंद होतंय. चाक काढून बघितलं तर पॅड धरणाऱ्या दोन पिनांपैकी एक पिन आणि दुसऱ्या जागी कुणीतरी खिळा घालून वाकवून ठेवलाय, वरची फुलीच्या आकाराची पत्र्याची स्प्रिंग तर नाहीच. डावीकडं सगळं जाग्यावर. पॅड पण संपत आलेत म्हणून एका दुकानातनं सेट मागवला, त्यांनी मॉडेल आणि साल एवढंच विचारलं. आता डावीकडं पॅड मापात बसतात आणि उजवीकडं आतच जाईनात. गॅरेजवाला म्हणतोय ग्राइंडरनं कडा घासून बसवूया, पण ब्रेकच्या बाबतीत मन धजत नाही. शिवाय उजवं चाक हात लावला की चटका बसेल एवढं तापतंय. काय करू सांगा की.

निपाणी_डिझेल:
भावा, पॅड घासू नको. एका बाजूला बसतात आणि दुसऱ्या बाजूला नाही म्हटल्यावर मला वाटतंय तुझ्या दोन बाजूला दोन मेकचे कॅलिपर आहेत (कॅलिपर म्हणजे पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा भाग). डब्ल्यू१२३ला कंपनीतनंच पुढं एटीई पण यायचे आणि बेंडिक्स पण, ही दोन्ही ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांची नावं, आणि दोन्हीच्या पॅडचा आकार वेगळा, पिना स्प्रिंगा पण वेगळ्या. म्हणून नुसतं मॉडेल साल सांगून या गाडीचे पॅड मागवायचेच नाहीत, कॅलिपर बघूनच मागवायचे. वायर ब्रशनं कॅलिपरचं अंग घास, ओतकामातच नाव उठवलेलं असतंय, एटीईवर पुष्कळदा पिस्टनचा व्यास पण मिलिमीटरमध्ये असतो. नाव गंजून गेलं असंल तर पिन बघ. एटीईच्या पिनच्या डोक्याला चिरलेली स्प्रिंगची बाही असती, ती भोकात घट्ट बसून पिनला धरती, क्लिप वगैरे काही नाही, पंच लावून ठोकूनच काढायची. मार बारीक टोकाकडनं द्यायचा म्हणजे जाड डोक्याच्या बाजूनं बाहेर येती, उलटं मारत बसलास तर भोक खराब होईल. पिनच्या टोकाला आडवं भोक आणि त्यात क्लिप दिसली तर तो दुसरा मेक समज. आणि तो खिळा आजच काढ, मऊ लोखंड असतंय, पॅडचं कान घासून घासून त्यात खाच पडती, मग पॅड त्या खाचेत अडकतंय आणि सरकत नाही. खिळा तुटून पडला तर पॅड वरच्या उघड्या तोंडातनं बाहेर यायला वेळ नाही लागणार.

खानापूरकर:
दादा एकदम बरोबर निघालं. डावीकडं एटीई स्पष्ट वाचता येतंय, उजवीकडं घासल्यावर बेंडिक्स आलं. कुणीतरी भंगारातला कॅलिपर बसवलेला दिसतोय. बेंडिक्सचे पॅड वेगळे मागवून चालवू का तसंच?

निपाणी_डिझेल:
नको. एका ॲक्सलवर दोन्ही बाजूला एकच मेक पाहिजे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढायची शक्यता राहती, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. तुझ्याकडं एटीईचे पॅड आलेच आहेत तर उजवीकडचा एटीई शोध. पुण्यात नाना पेठेत विचार, मिळाला तर सील किट, दोन्ही बाजूच्या पिना आणि फुलीची स्प्रिंग नवीनच घे. कॅलिपरच्या मानानं त्याचे पैसे किरकोळ आहेत. डावीकडच्या जुन्या पिना परत वापरू नको, एकदा ठोकून काढली की बाहीची पकड आधीसारखी राहत नाही.

उद्यमबाग_लेथवाला:
जुना कॅलिपर मिळाला की तो आधी खोलायचा, तसाच चढवायचा नाही. दोन अर्धे बोल्टांनी जोडलेले असतात ते मात्र सुटे करू नका, मध्ये तेलाच्या वाटेला छोटं सील असतंय आणि ते बोल्ट परत नीट कसणं हे घरचं काम नाही. पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा थोडीच द्या आणि मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा, बोट चुकून पण आत नको, पिस्टन गोळीसारखा येतो. एक आधी निघतो आणि दुसरा अडून बसतो, तेव्हा निघणाऱ्याला क्लॅम्पनं दाबून धरा.

आता कामाची गोष्ट. सील सिलिंडरमधल्या खाचेत बसतंय आणि पिस्टन त्यातनं सरकतो, म्हणून खाचेच्या बाहेर सिलिंडरला थोडे डाग असले तरी भागतं, पण पिस्टनच्या अंगावर क्रोम उडून खड्डे पडले असतील तर तो पिस्टन गेला. बरेच जण पॉलिश पेपर मारून परत घालतात, त्यानं उरलेलं क्रोम पण जातंय आणि महिन्याभरात परत अडकतो. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला केसभर मागं ओढायचं काम पण तेच चौकोनी सील करतंय, म्हणून अंग गुळगुळीतच पाहिजे. पिस्टन मिळतच नसेल तर आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला स्टेनलेसचा करून मिळतो, पण नुसता लेथवर उतरवलेला घेऊ नका, ग्राइंडिंग करूनच मागा आणि माप जुन्या पिस्टनच्या न झिजलेल्या भागावर मायक्रोमीटर लावून द्या, व्हर्नियरवर भागत नाही. काही एटीई पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला पायरी कापलेली असती, ती २० अंशाच्या कोनात ठेवावी लागती, नाहीतर ब्रेक किंचाळतो. काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

खानापूरकर:
काका लई उपयोगी सांगितलात. चाक तापायचं कारण पिस्टनच असंल न्हवं?

चोर्ला_घाट:
असेल पण आणि नसेल पण. जॅकवर घे, ब्रेक दाबून सोड, चाक जाम झालं की ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा-तेल सोडायचा स्क्रू) ढिला कर. तेल निघाल्यावर पण चाक जामच असेल तर पिस्टन गंजलाय किंवा पॅड अडकलंय. चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता. मग परत जाम करून या वेळी होजच्या (कॅलिपरला तेल नेणाऱ्या रबरी नळीच्या) अलीकडची लोखंडी पाइप ढिली कर. तिथं मोकळं नाही झालं आणि ब्लीडरला होतंय तर रबरी होज आतनं फुगलाय, पेडलच्या जोरानं तेल आत जातंय पण परत येत नाही. बाहेरनं होज नवा दिसतो म्हणून लोक नाहक कॅलिपर बदलत बसतात. होज बदलायचाच ठरला तर दोन्ही बाजूचे बदल.

आणि तेल. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतंय आणि आपल्या खानापूरकडचा पाऊस तर माहीतच आहे. डॉट ४ प्रतीचं तेल नवीन असताना कमीत कमी २३० अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५ पर्यंत खाली येती. चोर्ला घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर, तिथं तेल उकळून वाफ झाली की पेडल थेट खाली. दोन वर्षांनी तेल बदलायचंच, गाडी उभी असली तरी. सील धुवायला पेट्रोल डिझेल अजिबात नको, रबर फुगतंय, ब्रेकचंच तेल वापरा, साधं ग्रीस पण नको.

खानापूरकर:
होज दोन्ही मागवतो आणि कॅलिपरसाठी पुण्याला फोन लावतो. तोवर गाडी बाहेर काढत नाही, बाबांना पण सांगितलंय. सगळं बसवल्यावर ब्रेकच्या तेलातली हवा कुठल्या चाकापासनं काढायची?

निपाणी_डिझेल:
मास्टर सिलिंडरपासनं (पेडल दाबल्यावर चारी चाकांना तेल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबचं आधी. उजव्या स्टिअरिंगची गाडी आहे तर मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मधे मधे डबीतलं तेल बघत राहा, रिकामी झाली की परत पहिल्यापासनं.