खातो पण कामं करतो : मत देताना तुम्ही भ्रष्टाचार खरंच मोजता का?

माणगंगा_काठ (आटपाडी)
मंडळी, झेडपीचं वारं आलं की आमच्या कट्ट्यावर एकच विषय, सगळे चोर हायत. टक्केवारी कुठल्या टेबलाला किती जाते ते पोरं तोंडपाठ सांगतात आणि मतदानादिवशी हीच पोरं त्याच पुढाऱ्याच्या गाडीतनं बूथवर येत्यात. मामांना विचारलं, अहो तुम्हीच तर परवा शिव्या घालत होता, तर म्हणाले "आरं खातोय, पण डीपी जळाला की दुसऱ्या दिवशी बसवून देतोय. न खाणारा फोन तरी उचलतोय का?" आता यावर काय बोलणार. तर प्रश्न असा की भ्रष्ट म्हणून नाव झालं की मतं खरंच कमी होतात, का हे नुसतं चहाबरोबर बोलायचं?

कराडकर_घाटावरचा
नाव झालं तर काय होतं ते सोडा, नाव स्वच्छ असलं तर काय होतं ते आमच्याकडं बघा. पृथ्वीराजबाबा चव्हाण २०१० ला मुख्यमंत्री झाले तेच मुळी आदर्श सोसायटीच्या घोटाळ्यात आधीच्यांना जावं लागलं म्हणून. हाताला डाग नाही हे विरोधक पण मान्य करतात. पण त्याच काळात फाईल हलत नाही ही बोंब त्यांच्याच आघाडीतनं सुरू झाली, सही करताना हाताला लकवा मारतो का इथपर्यंत टोमणे गेले. २०१४, २०१९ दोन्ही वेळा कराड दक्षिणनं त्यांना निवडून दिलं, २०२४ ला मात्र ३९ हजारांनी पडले. लाट होती, लाडकी बहीण होती, सगळं खरं, पण स्वच्छ माणूस एवढ्यावर सीट निघत नाही. लोक मान देतात, मत देताना वेगळा हिशोब असतो.

पोवईनाका
मला वाटतं आरोप कोण करतंय यावर निम्मं अवलंबून आहे. सप्टेंबर २०१९ आठवा. शिखर बँकेच्या (राज्य सहकारी बँकेच्या) प्रकरणात ईडीनं शरद पवारसाहेबांचं नाव घेतलं, ते म्हणाले मीच येतो तुमच्या ऑफिसात, तर ईडीच म्हणाली सध्या गरज नाही. नाव खराब व्हायच्या ऐवजी उलटंच झालं, म्हातारपणी मुद्दाम त्रास देतायत अशी भावना गावागावात तयार झाली. मग १८ ऑक्टोबरची साहेबांची साताऱ्यातली पावसातली सभा, आणि सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांचे श्रीनिवास पाटील उदयनराजेंना पाडून ८७ हजारांनी आले.

कराडकर_घाटावरचा
@पोवईनाका अर्धंच सांगितलंत. उदयनराजे महाराजांनी मे मध्ये निवडून येऊन चार महिन्यांत राजीनामा देऊन पक्ष बदलला त्याचा राग होताच की. सगळं ईडीच्या खात्यावर टाकू नका. आणि २०२४ ला तेच उदयनराजे कमळावर निवडून आले.

दुष्काळी_जतकर
आता माझं ऐका, लांबलं तर माफ करा. २०१२ ला सिंचनाचा विषय निघाला, दहा वर्षांत ७० हजार कोटी घातले आणि सिंचन वाढलं ०.१ टक्का. अजितदादा पवारांनी राजीनामा दिला, दोन-अडीच महिन्यांत परत उपमुख्यमंत्री. २०१४ ला आघाडीचं सरकार गेलं त्यात या आरोपांचा वाटा होता असं मी मानतो, पण त्याच इलेक्शनला बारामतीत दादा आरामात आले. म्हणजे शिक्षा सरकारला झाली, ज्याच्यावर आरोप त्याला घरच्यांनी सांभाळला. पुढं २०१९ ला एसीबीनं (लाचलुचपत खात्यानं) हायकोर्टात क्लीन चिट दिली, २०२३ ला आरोप करणारे आणि आरोप झालेले एकाच मंत्रिमंडळात बसले. आता आमच्यासारख्या म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघणाऱ्या माणसानं कुणाला चोर म्हणून मत द्यायचं नाही? आरोप खोटा होता का मिटवला, हेच कळत नसेल तर माणूस शेवटी पाणी कोण आणतंय तेवढंच बघणार.

मिरजवाली_ताई
तुम्ही सगळे कोटींचं बोलताय म्हणून परिणाम दिसत नाही. ७० हजार कोटी कुणाच्या खिशातनं गेले हे कुणाला जाणवतच नाही ओ. आमच्या गल्लीत एका पतसंस्थेत बायकांच्या ठेवी अडकल्या. कुणाचे लग्नाचे, कुणाचे भिशीचे, एका मावशींचे तर नवऱ्याच्या फंडाचे. काउंटरवर गेलं की "सोमवारी या", सोमवारी गेलं की मॅनेजर वसुलीला गेलाय. त्याच संस्थेचा एक संचालक वॉर्डात उभा राहिला. साड्या वाटल्या, बायकांनी घेतल्या पण, त्या मावशी म्हणाल्या माझ्याच व्याजातली हाय, का सोडू? आणि आमच्या बूथवर तो सपाटून मार खाल्ला. गंमत पुढं आहे. रस्त्यापलीकडच्या बूथवर, जिथं फारशा ठेवी नव्हत्या, तिथं त्याला लीड. माणूस तोच, बदनामी तीच, पेपरात बातमी पण दोन्हीकडं वाचलेली.

माणगंगा_काठ
ताई हे पटलं. म्हणजे मामांचा ऊस कुणी काट्यावर वजनात मारला तर मामा बदलतील म्हणायचं 😄 पण मग ती उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं असतात, गुन्हे, प्रॉपर्टी वगैरे, ती कोण वाचतं का?

पोवईनाका
विरोधी पॅनलवाले वाचतात, एवढं नक्की. सुप्रीम कोर्टामुळं २००३ पासून ती द्यावी लागतात, खटले, बायकोच्या नावची जमीन, थकबाकी, सगळं असतं. विधानसभा-लोकसभेची इलेक्शन कमिशनच्या साइटवर कुणालाही बघता येतात. माझा सल्ला, गुन्ह्यांचा रकाना सोडून आधी मालमत्तेचा बघा आणि मागच्या वेळचं शेजारी उघडून ठेवा. आणि मामांना दाखवायचं असेल तर प्रिंट काढून न्या, मोबाईलवर ते बघणार नाहीत.