अप्पांचं कानाचं मशीन कुठे आहे?

स्मिता, सी-२०४: नमस्कार. मेसेज मोठा आहे, पण कृपया वाचा. अप्पांच्या उजव्या कानाचं मशीन बंद पडलंय. कंपनीचं नाशिकमध्ये दुरुस्ती केंद्र नाही, म्हणून घरून पॅकेट उचलून नेऊ असं त्यांनी कळवलं होतं. परवा आणि काल दोन्ही दिवस घरी मी होते, अप्पा होते, दुपारी आमच्या कामाच्या ताईही होत्या. संध्याकाळी मेसेज येतो, ‘पिकअपचा प्रयत्न केला, ग्राहक घरी नाही, दार बंद’. कोणी आलेलंच नाही. बेल नाही, फोन नाही. आज कस्टमर केअरला फोन लावला, तर म्हणे सिस्टीममध्ये तसंच दिसतंय, आता पिकअपची विनंती नव्याने टाकावी लागेल. कुलकर्णीकाका, गेटवरच्या रजिस्टरचे त्या दोन दिवसांचे फोटो मिळतील का?

कुलकर्णी (सेक्रेटरी), ए-१०१: मिळतील. मी स्वतः खाली जाऊन बघितलं. त्या कुरिअरची दोन्ही दिवशी एकही नोंद नाही. वॉचमनलाही विचारलं, तोही तेच सांगतो. गेटच्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, म्हणून तेवढा भाग आजच पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो.

रोहन, डी-५०१: वहिनी, मी कुरिअरच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. रात्री गाडी हबला, म्हणजे कुरिअरच्या गोदामाला, परत गेली की पोराला प्रत्येक पॅकेटपुढे काही ना काही शेरा टाकावाच लागतो. आमच्याकडे तरी मोबाइलवर ‘पोचायला वेळ मिळाला नाही’ असा पर्याय नाही. मग सगळ्यात सोपा शेरा पडतो तो ‘ग्राहक घरी नाही’. पिकअपला डिलिव्हरीपेक्षा वेळ जास्त लागतो. वस्तू बघायची, नंबर जुळवायचा, फोटो काढायचा. त्यामुळे यादीत पिकअप शेवटी ढकलला जातो. पोरावर राग काढून उपयोग नाही, पण तो शेरा खोटा आहे आणि त्याला लेखी हरकत घेतलीच पाहिजे. रजिस्टरचा फोटो मेलला जोडा. फोनवर बोललेलं कुठेच राहत नाही.

शिंदे वहिनी, बी-१०२: आमच्या मिक्सरचंही हेच झालं होतं. ‘दार बंद’! दारात मी भाजी निवडत बसले होते.

पाटीलकाका, बी-३०३: स्मिता, पॅकेट देण्याआधी काही गोष्टी कर. मशीनवरचा सीरियल नंबर नीट दिसेल असा फोटो काढ. पॅकिंग करताना सलग व्हिडिओ घे, नंबर, डबी, चिकटपट्टी सगळं एकाच व्हिडिओत आलं पाहिजे. आणि पावतीवर वस्तूची खरी किंमत लिहायला लाव, शक्य असेल तर विमाही घे. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं की वस्तू हरवली तर अमुक रकमेपुरतीच आमची जबाबदारी. सही केलेल्या पावतीवरची अशी मर्यादा सुप्रीम कोर्टाने १९९६ साली ग्राह्य धरलेली आहे. बँकेत असताना आणि नंतर ग्राहक पंचायतीच्या कामात मी यापायी हात चोळत बसलेली बरीच माणसं पाहिली.

स्मिता, सी-२०४: काका, सगळं करते. पिकअप नव्याने टाकलाय.

कुलकर्णी (सेक्रेटरी), ए-१०१: सर्वांसाठी सूचना : उद्या सकाळी ९ ते १२ ए आणि बी विंगच्या टाक्या धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

स्मिता, सी-२०४: पॅकेट अखेर गेलं. पण भिवंडीच्या पुढे सरकतच नाहीये. विचारलं तर सांगतात, आत लिथियम बॅटरी असल्यामुळे विमानाने पाठवता येत नाही. या मशीनला लिथियम बॅटरी नाहीच! तपकिरी पट्टीचे ३१२ नंबरचे छोटे गोल सेल लागतात, आणि तेही मी काढून घेऊन मगच पॅकेट दिलंय. व्हिडिओत दिसतंय.

रोहन, डी-५०१: नियम खरा आहे वहिनी, पण तुमच्या पॅकेटला लागू नाही. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. फुगलेली किंवा बिघडलेली असेल तर कोणत्याच विमानाने जात नाही, कारण तिला आग लागू शकते. ३१२ नंबरचा सेल झिंक-एअरचा असतो, तो या नियमात बसत नाही. कंपनीने बुकिंग करताना ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू, बॅटरीसह’ असा सरसकट पर्याय निवडला असणार. तसं असेल तर कुरिअरवाले काही करू शकत नाहीत, दुरुस्ती बुकिंग करणाऱ्यालाच करावी लागते. एअर वेबिल नंबर, म्हणजे कुरिअरच्या पावतीवरचा नंबर, टाकून कंपनीला मेल करा, कुरिअरला प्रत जाऊ द्या.

जोशीकाकू, सी-२०१: अप्पा हल्ली खाली येत नाहीत गं. परवा मेंढीकोटला एक भिडू कमी पडला म्हणून यांनी हाक मारली, तर नुसता हात हलवला.

स्मिता, सी-२०४: हो काकू. डाव्या कानाचं मशीन आहे, पण एका कानावर चारचौघांत कोण कुठून बोलतंय ते त्यांना कळत नाही. समोरच्याला परत परत विचारायचं त्यांना नको वाटतं. नोट प्रेसमध्ये आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात काम केलेला माणूस. मशीन आल्यापासून ते पुन्हा गप्पा मारायला लागले होते.

डॉ. देशमुख, ए-४०२: याकडे दुर्लक्ष करू नका. कमी ऐकू येणारा वयस्कर माणूस हळूहळू बोलणं, मिसळणं टाळतो. उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ऐकू न येण्याचा समावेश केलेला आहे, २०१७ च्या अहवालात आणि त्यानंतरच्या अहवालांतही. कंपनीला मेल लिहाल तेव्हा हे वैद्यकीय उपकरण आहे आणि रुग्णाचं वय इतकं आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. हवं तर मी पत्र देतो.

स्मिता, सी-२०४: मशीन पोचलं आणि आज अंदाजपत्रक आलं. ‘मॉइश्चर डॅमेज’, म्हणजे आत ओलावा गेलाय, म्हणून वॉरंटी लागू नाही. दुरुस्तीचे १८,५०० रुपये. तसंच परत हवं असेल तरी तपासणीचे आणि कुरिअरचे पैसे भरा. दोन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे! आणि विकताना हातात दिलेल्या माहितीपत्रकात ठळक छापलंय, आयपी ६८. धुळीपासून आणि पाण्यापासून संरक्षण. पावसात वापरता येईल असं फिटिंग करणारी मुलगी अप्पांना समजावून सांगत होती, ते ऐकूनच आम्ही महागातलं घेतलं.

रोहन, डी-५०१: आयपी ६८ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि ८ म्हणजे कंपनीने ठरवलेल्या खोलीवर, ठरवलेल्या वेळेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालेल. ही चाचणी साध्या पाण्यात होते, त्यामुळे ‘घाम वेगळा’ असं ते म्हणू शकतात. म्हणून ओलावा नेमका कुठे सापडला, त्याचा उघडलेल्या मशीनचा फोटो आणि तंत्रज्ञाचा लेखी अहवाल मागा.

पाटीलकाका, बी-३०३: बरोबर. पैसे भरू नकोस आणि ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवू नकोस. जॉब शीटचा नंबर, खरेदीची पावती, माहितीपत्रकाचा फोटो, सगळं एका मेलमध्ये जोड.

मेहता, बी-४०१: एवढ्या मनस्तापापेक्षा एमजी रोडवर कुणाला तरी दाखवा ना. तिथे सगळं रिपेअर होतं.

स्मिता, सी-२०४: मोबाइल असता तर तिथेच गेले असते. कानात जातो तो बारीक रिसीव्हर कंपनीशिवाय मिळत नाही आणि सेटिंग त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून होतं. शहरातल्या दोन ऑडिओलॉजिस्टना विचारून झालं. दोघंही म्हणाले, कंपनीच्या हातात आहे.

पाटीलकाका, बी-३०३: खरा गुंता इथेच आहे. सुटे भाग आणि सॉफ्टवेअर एकाच मुठीत ठेवलं की ग्राहकाला दुसरं दार राहत नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. कानाच्या मशीनसारखी वस्तू, जिच्याविना माणसाचं दिवसाचं बोलणं थांबतं, ती या विचारात सगळ्यात आधी यायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

स्मिता, सी-२०४: अहवाल मागितल्यावर दोन दिवसांत सूर बदलला. ओलाव्याचा शब्दही नाही, ‘सदिच्छा म्हणून वॉरंटीत दुरुस्त करून देतो’. आज पॅकेट आलं.

शिंदे वहिनी, बी-१०२: अरे वा! सुटलात एकदाच्या.

स्मिता, सी-२०४: वहिनी, मशीन आमचं नाहीये. उजव्या कानाच्या मशीनवर लाल खूण असते, डाव्याच्या निळी. आलेल्यावर निळी आहे. सीरियल नंबर वेगळा आहे. रंगही थोडा फिका. अप्पांनीच हातात घेतल्याबरोबर ओळखलं. म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी मशीन आमच्याकडे आलंय आणि आमचं कदाचित त्यांच्याकडे गेलंय. त्या घरातही कोणीतरी असंच थांबलेलं असेल.

डॉ. देशमुख, ए-४०२: हे मशीन अप्पांच्या कानाला अजिबात लावू नका, तात्पुरतंही नाही. प्रत्येक मशीनमध्ये त्या त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाप्रमाणे, आवाज वाढवलेला असतो. दुसऱ्याचं सेटिंग जास्त जोराचं असेल तर उरलेल्या श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. अप्पांचं स्वतःचं परत आलं तरी आधी सेटिंग तपासून घ्या. दुरुस्तीत आतला भाग बदलला की जुनं सेटिंग पुसलेलं असू शकतं.

स्मिता, सी-२०४: आता ऐका. पॅकेट दारात देऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच फोन. ‘मॅडम, वस्तू मिळाली ना, मग मोबाइलवर आलेला कोड सांगा, तक्रार बंद करायची आहे.’ मी म्हटलं, मशीन चुकीचं आहे. तर म्हणतात, ही तक्रार आधी बंद करा, चुकीच्या वस्तूसाठी नवी तक्रार नोंदवा, नवा नंबर मिळेल. मी कोड दिलेला नाही.

पैशाचं भांडण आहेच आणि ते मी सोडणार नाही. पण मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे, की या सगळ्या साखळीत प्रत्येकाचं काम पूर्ण झालेलं दिसतंय. कुरिअरचा पिकअप पूर्ण. तपासणी पूर्ण. दुरुस्ती पूर्ण. डिलिव्हरी पूर्ण. तक्रारही बंद, फक्त कोड तेवढा राहिलाय. आणि अप्पांना ऐकू येत नाही. दुकान समोर असतं तर काउंटरवर मशीन ठेवून म्हटलं असतं, हे बघा, लाल खूण कुठे आहे? इथे दर वेळी नवा माणूस फोन उचलतो, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि तो शेवटी विचारतो, आणखी काही मदत करू शकतो का? जुना नंबर बंद केला की मागचं सगळं पुसलं. खोटा शेरा, खोटं लिथियम, न दाखवलेला ओलावा, काहीच झालं नव्हतं असं. म्हणून हाच नंबर उघडा राहिला पाहिजे.

पाटीलकाका, बी-३०३: पोरी, अगदी योग्य केलंस. कोड म्हणजे तुझी सहीच आहे. मशीन कानात बसून ऐकू आल्याशिवाय कोड द्यायचा नाही.

आता १९१५ ला फोन लाव. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे. ते तक्रार कंपनीच्या वरच्या माणसांकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. हे कोर्ट नव्हे, पण कंपन्या तिथे जरा सरळ बोलतात. त्यानेही नाही झालं तर नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. त्यांच्या बिलावर ‘दिल्ली न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’ असं छापलेलं असेल, त्याला घाबरू नकोस. २०१९ च्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात कंपनी जिथे असेल किंवा घटना जिथे घडली असेल तिथे जावं लागायचं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील असलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं. ऑनलाइनही भरता येते. मसुदा मी लिहून देतो.

मेहता, बी-४०१: पण काका, निकाल लागायला वर्षं जातात ना?

पाटीलकाका, बी-३०३: जातात, नाकारत नाही. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून बराच उशीर होतो. तरीही कागद तयार ठेवायचे. कागद तयार आहेत हे समोरच्याला कळलं की बऱ्याच तक्रारी आयोगापर्यंत जातच नाहीत.

स्मिता, सी-२०४: १९१५ वर नोंद झाली. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळाला. मेलमध्ये सगळं तारखेप्रमाणे लावून पाठवलंय. रजिस्टरचे फोटो, पॅकिंगचा व्हिडिओ, आयपी ६८ चं पान, डॉक्टरांचं पत्र, लाल-निळ्या खुणेचे फोटो. खाली एक ओळ वेगळी लिहिली, की हे मशीन ज्यांचं आहे त्यांना आधी कळवा, ते आमच्याकडे सुरक्षित आहे.

जोशीकाकू, सी-२०१: हे चांगलं केलंस गं.

स्मिता, सी-२०४: उत्तर आलं! या वेळी खाली नाव आणि थेट नंबर असलेल्या अधिकाऱ्याचं. अदलाबदल झाल्याचं मान्य केलंय. अप्पांचं मशीन सापडलंय, पण आता मी ते पुन्हा कुरिअरने घ्यायला तयार नाही. शहरातल्या एका ऑडिओलॉजिस्टकडे पाठवा, तिथे सेटिंग तपासून अप्पांच्या कानात बसवू द्या, मग मी कोड देईन, असं लिहिलं. ते कबूल झाले. तोवर वापरायला दुसरं मशीन उद्याच तिथे अप्पांच्या ऑडिओग्रामवर लावून देणार आहेत, त्याचे पैसे घेणार नाहीत हेही लेखी घेतलंय. वॉरंटी जितके दिवस मशीन त्यांच्याकडे होतं तितकी वाढवून मागितली आहे, त्यावर अजून गप्प आहेत. ते मी सोडत नाही.

रोहन, डी-५०१: आपल्याकडचं निळ्या खुणेचं पॅकेट उचलायला माणूस येईल तेव्हा पावतीवर सीरियल नंबर हाताने लिहून घ्या. आणि मला एअर वेबिल नंबर पाठवा, मी हबपर्यंत लक्ष ठेवतो.

कुलकर्णी (सेक्रेटरी), ए-१०१: वॉचमनला सांगून ठेवलंय. कुरिअरवाला आला की आधी नोंद, मग सी-२०४ ला इंटरकॉम. शिंदे वहिनी, तुमचा मिक्सर परत आला का? त्याच कुरिअरने पाठवला असेल तर त्या तारखांचीही नोंद बघून देतो.

शिंदे वहिनी, बी-१०२: नाही ना आला. तारखा शोधून रात्री पाठवते. आणि पाटीलकाका, माझ्याकडून तर कोड घेऊनसुद्धा झालाय, आता १९१५ वर चालेल का?

पाटीलकाका, बी-३०३: चालेल वहिनी. कोड दिला म्हणजे हक्क संपला असं नाही, फक्त जास्त समजावून सांगावं लागतं. पावती आणि त्यांचे सगळे मेसेज घेऊन उद्या सकाळी माझ्याकडे या.