ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर: चौघांवर भागेल की आठही जण तयार करावे लागतील?

या व्हिडिओ गेमचा पहिला भाग (२०१८ चा) निन्टेंडो स्विचवर खेळतोय. पात्रं आठ, प्रत्येकाची कथा वेगळी, पण टीममध्ये एका वेळी चौघंच. सुरुवात सायरसपासून केली, त्यामुळे त्याची कथा संपेपर्यंत त्याला टीममधून काढता येत नाही. जांभळ्या पेट्या उघडायला थेरियन लागतो, बरं करायला ओफिलिया. म्हणजे अदलाबदलीला उरते एकच जागा! बाहेर बसलेल्यांना एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळतच नाही, त्यामुळे बाकीचे फारच मागे राहिलेत आणि त्यांचा दुसरा चॅप्टर सुरू केला की बॉस दोन फटक्यांत आडवे करतो.

लढाईचं गणित जमतंय. शत्रूची कमजोरी शोधायची, ढाल शून्यावर आणायची, बीपी (हल्ला वाढवणारे बूस्ट पॉइंट) साठवून ठेवायचे आणि ब्रेक झाला, म्हणजे ढाल तुटून शत्रू हतबल झाला, की तीनही बूस्ट एकदम ओतायचे. ही गंमत अजून अजिबात शिळी झालेली नाही. कंटाळा येतो तो जुन्या भागात फिरून लेव्हल वाढवण्याचा. चांगली हत्यारं देऊन पाहिली, सेकंडरी जॉबही (जोडीला दुसऱ्या पेशाची कौशल्यं) दिले. थोडा फरक पडतो, पण नाजूक पात्रं तरी टिकत नाहीत. डिफिकल्टी कमी करायची सोय या भागात नाही, हे माहीत आहे. दुसरा भाग आधी खेळा असं कृपया सुचवू नका, तो नंतर घेणारच आहे.

ज्यांनी गेम पूर्ण केलाय त्यांनी कथा न फोडता एवढंच सांगा: शेवटापर्यंत जायचं तर आठही जण तगडे लागतात का? आणि लागत असतील, तर मागे पडलेल्यांना आत्ताच वर आणू की सायरसची कथा संपवून मग?