विषय: गुहागरच्या घरचा संगणक – दहा, अकरा की आणखी काही?

प्रेषक: न्यू जर्सीकर, मुक्काम गुहागर
26 ऑक्टोबर 2025

मंडळी, सप्रेम नमस्कार.

भाऊबीज उरकली, तरी अजून तीन आठवडे मी इथेच आहे. तेवढ्यात एक काम निकालात काढायचंय, सल्ला हवा.

14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार संपला, म्हणजे नेहमीची अपडेट बंद झाली, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, संगणकावर तशी सूचना आली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मी जर्सीत झोपलेलो असताना फोन केला, "अरे, हा म्हणतोय मी निवृत्त झालो. याला पेन्शन कोण देणार?"

यंत्राची कुंडली अशी. 2016 साली चिपळूणहून जोडून आणलेलं. सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 1 टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. बटण दाबल्यावर आई चहाचं आधण ठेवते. चहा उकळतो, मुरतो, गाळून होतो, मग पडद्यावर चिन्हं उमटतात. बिल नाही, विंडोजची चावी (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) नाही. ज्या दुकानातून घेतलं ते 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालं, आणि आमची फाइल दुकानदाराकडेच होती. वाशिष्ठीला जाऊन मागायची का?

त्यात गेले दोन-तीन महिने मधूनच बँकेचं पान उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. विंडोज जुनं झाल्यामुळेच हे होतंय, असं इथे सगळ्यांचं एकमत आहे.

कामं: पेन्शनची कागदपत्रं, नातवंडांशी रविवारचं बोलणं, आणि मुख्य म्हणजे बागेचा हिशेब. तो अण्णांच्या एका विद्यार्थ्याने 1994 साली डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. आजही चालतो. निळा पडदा, पांढरी अक्षरं.

विंडोज 11 वर जावं का? की नवीनच घ्यावं?

– न्यू जर्सीकर

प्रेषक: फ्रीमाँटचे काका
26 ऑक्टोबर 2025

अरे, एवढं काय त्यात! विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) लागतं, ते सहाव्या पिढीच्या इंटेलमध्ये पीटीटी नावाने आत असतंच. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू कर. सिक्युअर बूटही (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू कर. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागेल, त्याची आज्ञा विंडोजमध्येच आहे.

आता अडचण प्रोसेसरची. मायक्रोसॉफ्टची यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, सातव्यातले अगदी मोजके अपवाद. सहावी पिढी यादीबाहेर. पण यादी म्हणजे काही शिलालेख नव्हे. रूफस या सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवला की ही तपासणी वगळता येते. माझ्या गॅरेजमध्ये असाच एक जुना डबा अकरावर मजेत चालू आहे.

– काका

प्रेषक: टोरंटोच्या वहिनी
27 ऑक्टोबर 2025

काका, तुमचा डबा तुमच्या गॅरेजमध्ये आहे. बिघडला तर चार पावलांवर. गुहागरात पुढच्या मोठ्या अपडेटला कोण बसणार?

यादीबाहेरच्या यंत्रावर अकरा टाकलं तर चालतं, हे खरं. पण तिथे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती अशा यंत्रावर सहसा आपणहून उतरत नाही. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा तीच खटपट. घरगुती आवृत्तीला प्रत्येक वेळी 24 महिनेच आधार असतो, म्हणजे हे व्रत चालूच ठेवावं लागणार. आणि 4 जीबी ही अकराची किमान अट आहे. तेवढ्यावर ते सुरू होतं. त्यापलीकडे काही मागू नये.

मालवणला सासूबाईंच्या लॅपटॉपवर मी गेल्या वर्षी विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 ही दुसरी प्रणाली टाकली. 2029 पर्यंत अपडेट, पैसे शून्य. त्यांना फेसबुक, यूट्यूबवरची कीर्तनं आणि मराठी टायपिंग एवढंच लागतं. पहिले आठ दिवस "माझं ते निळं चिन्ह कुठाय" झालं, मग बसलं अंगवळणी. फक्त हयातीच्या दाखल्याचं अंगठ्याचं यंत्र काही केल्या चालेना. त्याचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच होतं. शेवटी फोनवर जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहरा दाखवून दाखला दिला. सासूबाई त्यासाठी नथ घालून बसल्या होत्या.

– वहिनी

प्रेषक: म्युनिकचा भाऊ
27 ऑक्टोबर 2025

दादा, दोन प्रश्न. कुणी विचारलेच नाहीत म्हणून.

एक, तुमचं विंडोज 10 हे 32-बिट आहे का 64 (एका वेळी किती माहिती हाताळतं ते)? 4 जीबीच्या यंत्रांवर तेव्हा सर्रास 32-बिट टाकून देत. डॉसचा प्रोग्रॅम सरळ चालतोय म्हणताय, म्हणजे मला 32-बिटचाच संशय आहे. 16-बिटचे जुने प्रोग्रॅम चालवणारा भाग फक्त 32-बिट विंडोजमध्येच असतो. अकरा तर 32-बिटमध्ये निघतच नाही. म्हणजे काकांचं ऐकून अकरा टाकलंत तर अण्णांचा हिशेब त्या दिवशी बंद. शिवाय 32 वरून 64 वर वरच्या वर जाता येत नाही, सगळं पुसून नव्यानेच टाकावं लागतं.

दोन, बँकेचं पान नेमकं केव्हा उघडत नाही? लाइट जाऊन आल्यावर का? कोपऱ्यातली तारीख वाचून सांगा.

– भाऊ

प्रेषक: आपल्या ई-मेल यादीचे व्यवस्थापक
27 ऑक्टोबर 2025

उत्तर देताना आधीची सगळी पत्रं खाली चिकटवू नयेत ही विनंती. सोलकढीत लसूण घालावा की नाही ही चर्चा वेगळ्या विषयाखाली करावी.

प्रेषक: न्यू जर्सीकर, मुक्काम गुहागर
28 ऑक्टोबर 2025

भाऊ, तुझ्या तोंडात साखर पडो!

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम टाइप' पाहिलं. 32-बिटच आहे.

आणि तारीख. काल संध्याकाळी लाइट गेली, तासाभराने आली. संगणक चालू केला. कोपऱ्यात 1 जानेवारी 2016! अण्णा म्हणाले, "चला, दहा वर्षांनी तरुण झालो." बँकेचं पान अर्थातच उघडेना.

– न्यू जर्सीकर

प्रेषक: म्युनिकचा भाऊ
28 ऑक्टोबर 2025

मग विंडोजला उगाच दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा, लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा सेल मेलाय. बँकेच्या पानाचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतं. तुमचं यंत्र 2016 मध्ये बसून ते बघतंय, त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मायचंय. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, पण फरक वर्षांचा असला की ते आपणहून हात घालत नाही.

सीआर 2032 असा सेल मागा. 20 मिलिमीटर व्यास, 3.2 जाडी, म्हणून 2032. घड्याळजीकडे मिळेल. बाहेरून वायर काढा, मग झाकण उघडा. नऊ वर्षं खाऱ्या वाऱ्यात राहिलेला डबा आहे, आत काय काय असेल देव जाणे.

आता आवृत्तीचं. मायक्रोसॉफ्टने घरगुती विंडोज 10 साठी एक वाढीव वर्ष ठेवलंय, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट. इथे युरोपात आम्हाला ते फुकट मिळतं. बाकीच्यांना 30 डॉलर किंवा त्याएवढे स्थानिक पैसे, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे 1000 गुण, किंवा मग सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला तर फुकट. अट एवढीच, 22एच2 ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. अण्णांच्या विंडोजला पेन्शन मिळतेय असं समजा, पण एकच वर्ष.

– भाऊ

प्रेषक: फ्रीमाँटचे काका
28 ऑक्टोबर 2025

32-बिटचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य.

पण मग असं कर: एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाल, रॅम 8 कर आणि विंडोज 10 चीच 64-बिट आवृत्ती कोरी टाक. चावी हरवली म्हणून घाबरू नकोस. दहाचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच 'होम' आवृत्ती टाकलीस की इंटरनेट लागल्यावर तो आपोआप सक्रिय होतो, 32 असो वा 64. 32-बिटवर राहून रॅम वाढवण्यात मात्र अर्थ नाही, 4 जीबीच्या पुढचं त्याला दिसतच नाही.

फॉक्सप्रो डॉसबॉक्समध्ये चालव. त्यात जुनं डॉस जसंच्या तसं उभं राहतं.

– काका

प्रेषक: टोरंटोच्या वहिनी
29 ऑक्टोबर 2025

मी अजूनही मिंटच्या बाजूने आहे, पण अण्णांना विचारलंत का कुणी?

– वहिनी

प्रेषक: अण्णा, गुहागर (मुलाच्या खात्यावरून)
30 ऑक्टोबर 2025

मंडळातील सर्व मुला-मुलींना आशीर्वाद.

तुमची पत्रे चिरंजीवांनी वाचून दाखवली. काही कळली, काही सोडून दिली. सूनबाईंनी विचारले म्हणून लिहितो.

मला दहा हवे की अकरा, याविषयी माझे काही म्हणणे नाही. चिन्हे डावीकडे खाली असतात ती तिथेच असावीत. अकरामध्ये ती मधोमध येतात असे शेजारच्या मुलाकडे पाहिले. डावीकडे नेता येतात म्हणे, पण मुळात हलवावीतच का?

रात्री-अपरात्री 'पुन्हा चालू करा' असे सांगणारे काही नको. आमच्याकडे ते काम वीज मंडळ करते.

हिशेब माझा मला हवा. तो कोणत्या खोक्यात राहतो याला महत्त्व नाही. तीस वर्षांचा आहे. कोणत्या कलमाला कोणत्या साली किती पेट्या, फवारणी कितीदा, कोणत्या साली मोहोर जळला, सगळे त्यात आहे. 3 जून 2020 चे निसर्ग वादळ आले तेव्हा सगळीकडे बागा आडव्या झाल्या. आमची पडली ती झाडे किती वयाची होती, हे मला त्या निळ्या पडद्यावरूनच सांगता आले.

फ्रीमाँटकरांना विशेष नमस्कार. लसणाची सोलकढी आमच्याकडे चालते.

– अण्णा

प्रेषक: न्यू जर्सीकर, मुक्काम गुहागर
9 नोव्हेंबर 2025

मंडळी, अहवाल.

सेल घड्याळजीकडे मिळाला. डबा उघडला तर आत पालीची अंडी, मुंग्यांची माती आणि पंख्यावर लोकरीसारखा थर. ब्रशने साफ करण्यात एक सकाळ गेली. मागच्या बाजूचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. सेल बसवल्यावर दोनदा लाइट गेली, तारीख हलली नाही, बँक उघडते. म्हणजे ज्या कारणासाठी निम्म्या घराला अकरा हवं होतं ते कारण घड्याळजीनेच संपवलं.

तरी बाकीचं केलं. चिपळूणहून 256 जीबीची एसएसडी आणि रॅमची दुसरी कांडी आणली. विंडोज 10, 64-बिट, होम. काका म्हणाले तसं, इंटरनेट लागताच 'सक्रिय' असं आलं, चावी कुणी विचारली नाही. वाढीव वर्षासाठी नाव नोंदवलं, बॅकअपच्या वाटेने, फुकट. त्यासाठी अण्णांचं खातं उघडलं, त्याचा पासवर्ड देवघरातल्या पंचांगात मागच्या पानावर आहे. आईच्या चहाला आता आधण येण्याआधीच पडदा तयार असतो, त्यामुळे ती जरा नाराज आहे.

वहिनी, मिंट पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं. आईला आवडलं. पुढच्या ऑक्टोबरला हे वर्ष संपेल, तेव्हा या यंत्रावर तेच टाकायचं असं माझ्या मनात आहे. अकरासाठी नवीन डबा घेण्याइतकं अण्णांचं काम नाही. हयातीचा दाखला परवाच फोनवर चेहरा दाखवून दिला.

जुनी डिस्क पुसली नाही. आहे तशी काढून, हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवलीय.

आता हिशेबाचं. डॉसबॉक्समध्ये फॉक्सप्रो पहिल्या फटक्यात सुरू झालं. पण खरा शोध पुढे लागला. त्याच्या डीबीएफ फाइली, म्हणजे नोंदींच्या फाइली, लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडतात, तक्त्यासारख्या. म्हणजे दहा, अकरा, मिंट, काहीही आलं तरी हिशेब वाचता येणार. अडचण वेगळीच निघाली. त्या काळी रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळत, आणि त्या विद्यार्थ्याने तर तीन-चारातच भागवलंय, तीही रोमन. मग दोन संध्याकाळी अण्णांना शेजारी बसवलं आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ वहीत उतरवून घेतला. 'एचपीडीझेड' म्हणजे हापूस, डझनात. 'एफव्हीआर' फवारणी. 'एमजेआर' मजुरी.

एक रकाना कुणालाच उमगेना, 'व्हीएनआर'. दरवर्षी आकडे, हळूहळू वाढत गेलेले. 1996 ला 11, गेल्या हंगामात 140. मला वाटलं वाहतूक. आई म्हणाली वानवळा. अण्णा आतल्या खोलीतून ओरडले, "वानर! वानरांनी खाल्लेले डझन!"

– न्यू जर्सीकर