मदत हवी आहे : फ्रीबीएसडीवर वायफाय कार्ड दिसतंय, पण राउटर सापडत नाही

नमस्कार मंडळी, राजारामपुरीत आमच्या गल्लीतल्या मुलांसाठी अभ्यासिका आहे. तिथल्या जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलंय. आतापर्यंत फक्त लिनक्स वापरलं, त्यामुळे इथली पद्धत नवीन आहे.

कार्ड इंटेल ७२६० आहे. ते चालवणारा आयडब्ल्यूएम ड्रायव्हर आणि कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर, दोन्ही लोड होतात, डब्ल्यूलॅन० हा वायफायचा इंटरफेस (सिस्टीममधली नेटवर्क जोडणी) तयार होतो. स्कॅन केलं की माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिसतो, शेजारच्यांची नेटवर्कंही दिसतात. फक्त अभ्यासिकेचा राउटर यादीत येत नाही. मोबाइलवर मात्र तो व्यवस्थित चालतो! म्हणजे पासवर्डचा प्रश्नच नाही, तिथपर्यंत गाडी जातच नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये बघितलं तर तो २.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनल १३ धरून बसलाय. भारतात १३ चालतो, अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच वापरतात. फ्रीबीएसडी मुळात अमेरिकेचे नियम धरतं, म्हणून मला तिथंच शंका आहे. आयएफकॉन्फिग या नेटवर्क सेटिंगच्या कमांडने देश ‘आयएन’ (भारत) द्यायला गेलो तर ‘डिव्हाइस बिझी’ येतं.

इंटरफेस आधी डाउन करूनच देश बदलायचा का? आणि रीस्टार्टनंतर तो टिकावा म्हणून आरसी डॉट कॉन्फमध्ये (सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) नेमकी कोणती ओळ, इंटरफेस तयार करतानाच्या आर्ग्युमेंट्समध्ये का?

राउटर चॅनल ६ वर नेता येईल, पण तो घरमालकांचा आहे, त्यांना न विचारता हात लावणं बरं नाही. सध्या मोबाइल यूएसबीने जोडून नेट मिळतंय, त्यामुळे काही डाउनलोड करायचं असेल तरी सांगा. पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, कुणी हे केलं असेल तर लवकर कळवा.